गाडीचे टायर बदलताना: सुरुवात जुन्या टायरपासून

आषाढातला दिवस होता. आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाटात एका वळणावर मी ब्रेक दाबला आणि गाडी वळायचं सोडून सरळ चालू लागली. स्टिअरिंग फिरवलेलं, पुढची चाकं वळलेली, पण गाडी सरळच. कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली. मागच्या सीटवर आई होती. चिपळूण येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

टायर दिसायला चांगले होते. गाडी वडिलांची, फारशी न फिरलेली, नक्षी खोल. चिपळुणात एका पंक्चरवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघितलं आणि मलाही बघायला लावलं. रुतेना. लाकडावर नख दाबल्यासारखं वाटलं. मग त्यांनी टायरच्या बाजूवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला आणि लांबट चौकटीतले चार आकडे दाखवले: 3211. "ताई, 2011चा माल आहे हा. नक्षी काय बघता, साल बघा." तेव्हा 2019 चालू होतं.

टायरवर सगळं लिहिलेलं असतं, आपण ते वाचत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर घरच्या, भावाच्या, शेजाऱ्यांच्या अशा बऱ्याच गाड्यांचे टायर घ्यायला मी दुकानात उभी राहिले आहे. पहिल्यांदाच टायर बदलणाऱ्या माणसाला जे माहीत असायला हवं, ते इथे क्रमाने सांगते.

आधी जुने टायर नीट बघा

दुकानात जायच्या आधी सपाट जागी गाडी लावा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरसमोर उकिडवं बसा. टायर कुठे घासलाय ते हाताने चाचपा.

फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड घासली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलंय. दोन्ही कडा घासल्यात आणि मधला भाग शाबूत, म्हणजे गाडी महिनोन्‌महिने कमी हवेवर चालली. मधला पट्टा घासलाय तर हवा जास्त होती. हात फिरवताना खालीवर लाटा लागल्या तर शॉकअप किंवा सस्पेन्शनचं काम निघालंय. हे का बघायचं? कारण हा दोष तसाच ठेवून नवे टायर घातले तर सहा महिन्यांत नव्यांचीही तीच गत होते. आतली कड घासलेली सहजासहजी दिसत नाही, म्हणूनच स्टिअरिंग वळवून बघायचं. बाहेरून सुरेख दिसणाऱ्या टायरच्या आतल्या कडेला तारा बाहेर आलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता नक्षीची खोली. मोठ्या खाचांच्या तळाशी रबराच्या आडव्या, बुटक्या पट्ट्या असतात. त्या कुठे आहेत ते टायरच्या खांद्यावरचा छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं दाखवतात. नक्षी घासत घासत या पट्टीच्या पातळीला आली की 1.6 मिलिमीटर उरली. कायद्यानेही तीच किमान मर्यादा आहे. नव्या टायरची नक्षी साधारण 7-8 मिलिमीटर असते. माझं मत विचाराल तर कोकणात, घाटात किंवा मुंबईच्या पावसात गाडी चालवणाऱ्याने 1.6ची वाट बघू नये. नक्षी 3 मिलिमीटरवर आली की मे महिन्यातच टायर बदलावेत. या खाचांचं मुख्य काम पाणी बाहेर फेकणं. खाच उथळ झाली की पाण्याला जायला वाट राहत नाही. मग टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि गाडी त्या थरावर तरंगते. अशा वेळी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही असून नसल्यासारखे. चालत्या गाडीचा प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेत रस्त्याला टेकलेला असतो. घरातली सगळी माणसं त्या चार तळहातांच्या भरवशावर असतात.

टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर तो टायर त्याच दिवशी काढा. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेले असतात आणि फक्त वरच्या रबराने हवा धरून ठेवलेली असते. फुगा आणि बाजूचा खोल कट यांना दुरुस्ती नाही. पंक्चर काढायचं ते फक्त नक्षीच्या भागातलं.

शेवटी वय. पाच वर्षं झाली की दर वर्षी टायर नीट तपासून घ्या. बारीक भेगा दिसल्या, रबर कडक लागलं, तर नक्षी कितीही असो, बदला. उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि कमी चालणाऱ्या गाडीचे टायर घासून जात नाहीत, वाळून जातात.

साइज: हे आकडे फोनमध्ये फोटो काढून ठेवा

टायरच्या बाजूवर 185/65 आर15 88एच असं काहीतरी ठळक लिहिलेलं असतं. 185 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या 65 टक्के. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची एक रचना. 15 हा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा व्यास, इंचांत. 88 हा वजनाचा सांकेतिक आकडा. तो किलो नव्हे. 88 म्हणजे एक टायर 560 किलो पेलतो. 82 म्हणजे 475, 91 म्हणजे 615. शेवटचं अक्षर वेगाचं: टी म्हणजे ताशी 190, एच म्हणजे 210, व्ही म्हणजे 240 किलोमीटर.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. कंपनीने ठरवलेली साइज आणि हवेचा दाब त्यावर लिहिलेला असतो. टायरवरचा आकडा आणि स्टिकरवरचा आकडा ताडून बघा. सेकंड हँड गाडी असेल तर जरूर बघा, कारण आधीच्या मालकाने काय बसवलंय ते सांगता येत नाही.

नवख्याने कंपनीची साइज सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा वरचं चालेल, खालचं कधीच नाही. साइज बदलायचीच असेल तर चाकाचा एकूण व्यास मूळ व्यासाजवळ राहिला पाहिजे, तीन टक्क्यांच्या आत. नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि टायर चाकाच्या कमानीला घासू शकतो. हा हिशेब कंपन्या कसा सांभाळतात ते बघा. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर14 येतात आणि वरच्याला 185/65 आर15. भिंतीची उंची दोनदा घेऊन त्यात डिस्कचा व्यास मिळवला तर पहिल्याचा व्यास सुमारे 620 मिलिमीटर भरतो आणि दुसऱ्याचा 621. टायर रुंद झाला, डिस्क मोठी झाली, पण चाक तेवढंच राहिलं. पातळ भिंतीचा टायर देखणा दिसतो, वळणावर घट्टही वाटतो, पण आपल्या खड्ड्यांत डिस्क वाकण्याची भीती वाढते. गावाकडच्या रस्त्यांवर जाड भिंतच बरी.

साल: दुकानातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ टायरवर असते. तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. 2325 म्हणजे 2025 सालचा 23वा आठवडा, साधारण जूनचा पहिला. ही पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते. बसवलेल्या टायरवर दिसली नाही तर ती आतल्या बाजूला गेलेली असते. फोनचा फ्लॅश लावून चाकामागून फोटो काढला की वाचता येते.

घेताना मी सहा महिन्यांच्या आतला टायर मागते. वर्षभराचा, सावलीत नीट ठेवलेला असेल तर चालतो, पण मग भावात सवलत मागायची. त्यापुढचा घेत नाही. एकदा मला सवलतीच्या नावाखाली चार टायर दाखवले. भाव खरंच कमी होता. चारही वाकून बघितले तर दोन त्या वर्षीचे आणि दोन अडीच वर्षांपूर्वीचे निघाले. फसवण्याचा हेतू असेलच असं नाही, गोदामात जे पुढे होतं ते आलं असेल. पण मी बघितलं नसतं तर तेच बसले असते. म्हणून चारही टायर बघायचे. एकावरून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा नाही. ऑनलाइन मागवणार असाल तर बसवण्याआधी आकडे बघणार आणि जुना माल असेल तर परत करणार, हे आधीच बोलून घ्या.

त्याच वेळी आयएसआयचं चिन्ह बघा. कारच्या टायरसाठीचं भारतीय मानक आयएस 15633 आहे आणि हे चिन्ह नसलेला टायर आपल्याकडे विकता येत नाही.

वापरलेले टायर, रबर चढवलेले रिमोल्ड टायर याबद्दल एकच सांगते: कारला घालू नका. आत काय तुटलंय, किती वेळा पंक्चर झालंय, हे बाहेरून कोणालाच कळत नाही.

कोणती कंपनी, कोणतं मॉडेल

हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. माझ्या लेखी तो साइज आणि सालानंतर येतो. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, गुडइयर, मिशेलिन, योकोहामा ही नावं बहुतेक तालुक्याच्या गावीही मिळतात. काहींचे कारखाने आपल्या राज्यातच आहेत. ब्रिजस्टोनचा चाकणला, गुडइयरचा वाळूजला, सिएटचा नाशिकला. पण एकाच कंपनीचा एक टायर मायलेजसाठी बनवलेला असतो आणि दुसरा ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी. म्हणून नुसतं "अमुक कंपनीचा द्या" म्हणून भागत नाही, मॉडेलचं नाव विचारावं लागतं.

सगळे गुण एका टायरमध्ये मिळत नाहीत. कडक रबर जास्त किलोमीटर चालतं, पेट्रोल थोडं वाचवतं, पण ओल्या रस्त्यावर कमी धरतं. मऊ रबर धरतं छान, झिजतं लवकर. नवी गाडी येते तेव्हा तिच्यावर बहुधा मायलेजकडे झुकणारे टायर असतात, त्यामुळे "कंपनीने दिले तेच उत्तम" असं धरून चालू नका. काही टायरवर स्टारचं लेबल असतं. ते मुख्यतः इंधनाच्या बचतीबद्दल बोलतं. पावसातल्या पकडीचा निवाडा त्यावरून करायचा नाही.

तुमची गाडी कुठे चालते त्यावर निवड ठरवा. रोज शहरात वीस-तीस किलोमीटर आणि वर्षातून एकदोनदा गावी, तर आरामदायी, कमी आवाजाचा, जास्त टिकणारा टायर घ्या. महाबळेश्वर, आंबोली, आंबा घाट अशा रस्त्यांवर पावसाळ्यात नेहमीचं जाणं असेल तर चार-पाच हजार किलोमीटर कमी चालला तरी बेहत्तर, पण पकड चांगली असलेलाच घ्या. अशा टायरवर सरळ लांब, रुंद खाचा असतात आणि विकणारा त्याला वेट ग्रिपचा टायर म्हणतो. मोठ्या गाड्यांचे जाड बटनांचे ऑफरोड टायर रोजच्या गाडीला नकोत. डांबरावर ते आवाज करतात आणि पावसात उलट कमी धरतात.

समृद्धी महामार्गावर वरचेवर जाणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. तिथे सरळ काँक्रीट, ताशी 120ची मर्यादा आणि विदर्भ-मराठवाड्याचं ऊन, असं सगळं एकत्र येतं. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर 2023 मध्ये परिवहन विभागाने तिथे टायर तपासायला सुरुवात केली आणि घासलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशावरूनच मागे फिरवल्या. पण नक्षी असूनही टायर फुटतात. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत दबते आणि सुटते. त्यातून उष्णता तयार होते. तासन्‌तास तोच वेग ठेवला की ती उष्णता बाहेर पडायला उसंत मिळत नाही आणि आतले थर सुटू लागतात. दोष काँक्रीटच्या माथी मारला जातो, पण बऱ्याचदा मूळ कारण कमी हवा आणि जुना टायर हेच असतं.

किमतीबद्दल एक लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. जुन्या भावाचा कागद पुढे आला तर विचारा. भाव विचारताना "बसवून, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे व्हॉल्व्ह, बिलासकट किती?" असा पूर्ण प्रश्न विचारा. दोन दुकानांचा फरक बहुधा या वरच्या खर्चात असतो.

चार बदलायचे की दोन?

परवडत असेल तर चारही एकदम. नसेल तर एकाच अॅक्सलवरचे, म्हणजे दोन्ही पुढचे किंवा दोन्ही मागचे, एकसारखे. एकच टायर बदलायचा तर बाकीचे जवळपास नवे हवेत, आणि कंपनी, मॉडेल, साइज तीच हवी.

दोनच घेतले तर ते मागे बसवा. इथे बहुतेक दुकानदार आणि नातेवाईक विरोध करतील. "गाडी पुढच्या चाकांवर चालते, नवे पुढे घाला" असं ठामपणे सांगतील. पण पाण्यात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की वेग कमी होतो आणि पकड परत येते. मागची घसरली तर गाडीचं शेपूट फिरतं, आणि ते सावरणं सराईत ड्रायव्हरलाही अवघड जातं. म्हणून चांगली पकड मागे हवी. जुन्यांतले बरे दोन पुढे घाला. तेही बरे नसतील, तर दोनांवर भागणार नाही हे समजून घ्या.

स्टेपनीला विसरू नका. डिकीत न वापरता पडलेला टायरही म्हातारा होतो. तिच्यावरचंही साल बघा.

दुकानात उभं राहून

गाडी लावून चहाला जाऊ नका. तास-दीड तासाचं काम आहे, समोर उभे राहा. मला सुरुवातीला "मॅडम, आत एसीत बसा" असं म्हणायचे. आता ओळखीचा मुलगा स्वतःच टायर फिरवून आकडे माझ्याकडे करतो.

जुना टायर निघाला की उघडी डिस्क दिसते. तिच्या कडेला गंज, चिखल, जुन्या रबराची पापुद्री चिकटलेली असते. ती तारेच्या ब्रशने घासून घ्यायला सांगा. हळू हळू हवा जाणारे बरेच टायर या कडेतून गळतात. व्हॉल्व्ह नवेच लावा, स्वस्त असतात. मग कडेला साबणाचं पाणी लावून टायर चढवतात, हवा भरतात आणि एका क्षणी टायरची कड डिस्कमध्ये बसल्याचा ठप्प असा मोठा आवाज येतो. एका बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा एक.

टायरवर बाण असेल तर चाक पुढे जाताना बाणाच्या दिशेने फिरलं पाहिजे. आऊटसाइड असं लिहिलेलं असेल तर ती बाजू बाहेर. घाईत हे उलटं बसतं. निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारून चारही चाकं बघा.

चाकाचं वजन सगळीकडून सारखं व्हावं म्हणून बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवतात आणि डिस्कला छोटी वजनं लावतात. जुनी वजनं आधी काढलीत ना, ते बघा. वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य दाखवायला सांगा. त्यानंतर अलाइनमेंट, आणि त्याचा आधीचा-नंतरचा छापील कागद.

नट हवेच्या गनने आवळतात. शेवटचं आवळणं हाताच्या पान्याने करून घ्या. गनने बेफाम आवळलेला नट रात्री रस्त्याकडेला तुमच्याच्याने सुटणार नाही.

हवा नायट्रोजनची भरू का, असं विचारतील. साध्या हवेतही सुमारे 78 टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या, पण त्यासाठी नेहमीच्या पंपावर हवा भरणं टाळू नका. दाब दाराच्या स्टिकरप्रमाणे ठेवा, टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल आकड्याप्रमाणे नव्हे. बिलावर टायरचं मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच मागतात.

पहिले काही दिवस

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रवाचा अंश असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगात वळणं टाळा. शंभरेक किलोमीटरनंतर नट एकदा तपासून घ्या, अलॉय व्हील असतील तर न चुकता.

हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, सकाळी घराजवळच्या पंपावर. महिन्याला एखाद-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आपोआप कमी होतं, पंक्चर नसलं तरी. भरलेल्या गाडीने लांब जायचं असेल तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो पाळा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करा. बाण असलेले टायर पुढचे मागे, मागचे पुढे, त्याच बाजूला.

आणि जुने टायर घरी आणलेच असतील तर गच्चीत किंवा अंगणात उघडे ठेवू नका. पावसाचं पाणी साचून त्यात डेंग्यूचे डास होतात. दुकानदाराला परत द्या, तो थोडेफार पैसेही वळते करतो.